तुर्किक म्हणींतली लेक, सून, जाऊ आणि आई: म्हणी गोळा कशा कराव्यात आणि मराठीशी ताडून कशा पाहाव्यात

‘तुर्की म्हणींतली स्त्री’ असा विषय प्रकल्पाला घेतला की पुष्कळांचं काम एका संध्याकाळीत उरकतं. इंग्रजीत आलेल्या वीस-पंचवीस म्हणी उचलायच्या, निम्म्या ‘सन्मान करणाऱ्या’ आणि निम्म्या ‘अपमान करणाऱ्या’ अशा दोन ढिगांत टाकायच्या, आणि ‘समाज पितृसत्ताक होता’ असं लिहून मोकळं व्हायचं. निष्कर्ष खोटा नसतो, पण तेवढ्यासाठी म्हणी वाचायची गरजच नव्हती.

म्हणींत नुसती ‘स्त्री’ क्वचितच भेटते. भेटते ती लेक, सून, सासू, जाऊ, मावशी, आई. तीच बाई माहेरी असताना भाषा तिच्याबद्दल एक बोलते, उंबरठा ओलांडला की दुसरं, आणि मुलाचं लग्न झालं की तिसरंच. त्यामुळे म्हणी नात्यानुसार लावायच्या, चांगल्या-वाईटानुसार नाही. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. पुण्यातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला किंवा पाच-सहा जणांच्या वाचनगटाला दोन-अडीच महिन्यांत झेपेल एवढंच काम इथे धरलं आहे.

आवाका

तुर्किक हे भाषाकुळाचं नाव आहे. तुर्कस्तानची तुर्की, अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, उइघुर, कझाक, किरगिझ, तातार, थेट सैबेरियातली याकूत, अशा तीसेक भाषा त्यात येतात. फारसी, ताजिक आणि पश्तो त्यात येत नाहीत. मध्य आशियातलं सगळं एकाच पोत्यात भरण्याची चूक फार होते. सगळ्या भाषांतून दोन-दोन म्हणी वेचून ‘तुर्किक स्त्री’ उभी केली तर ती कुठल्याच गावात सापडणार नाही.

दोनच भाषा घ्या. तुर्की आणि कझाक ही जोडी सोयीची: एका बाजूला शेती, गाव आणि शहरांतला समाज, दुसऱ्या बाजूला गवताळ माळांवर कळप घेऊन फिरलेल्यांचा. प्रत्येक भाषेतल्या 50 ते 60 म्हणी पुरतात. एका नात्याबद्दल निदान आठ म्हणी मिळाल्याशिवाय त्या नात्याबद्दल काही ठाम लिहू नका. सासूबद्दल तीन आणि आईबद्दल तीस म्हणी जमल्या असतील, तर आधी ते तुमच्या शोधण्याच्या पद्धतीचं लक्षण आहे का ते तपासा. ‘आई’ हा शब्द टाकून शोधलं की आईच मिळणार.

म्हण कुठून घ्यायची

ज्या यादीत मूळ भाषेतलं वाक्य नाही ती यादी बाजूला ठेवा, मग ती कितीही देखणी असो. तुर्कीसाठी ‘तुर्क दिल कुरुमु’ या 1932 साली स्थापन झालेल्या भाषासंस्थेचा म्हणी-वाक्प्रचारांचा कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. त्यात म्हणीचा अर्थही दिलेला असतो. ओमेर आसिम आक्सोय यांचा छापील कोश मिळाला तर उत्तम. जुनी नोंद शोधायची असेल तर शिनासी यांचा 1863 सालचा ऑटोमन म्हणींचा संग्रह, आणि त्याहून खूप मागे, 1072 ते 1074 या काळात महमूद अल्-काशगरी यांनी बगदादेत रचलेला तुर्किक भाषांचा कोश. त्या कोशात शब्दांचे अर्थ सांगताना उदाहरण म्हणून म्हणी येतात. कझाक म्हणींसाठी रशियन येत असेल तर काम निम्मं होतं, कारण चांगले द्विभाषिक कोश कझाक-रशियन आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकणारा कुणी गटात असेल तर त्याला सोडू नका.

मराठी बाजूसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश हाताशी हवाच. पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर किंवा विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय इथे संदर्भ विभागात विचारा. अल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा 1899 सालचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह जुनी रूपं ताडायला उपयोगी पडतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही, शब्दांच्या पोटात, म्हणी दडलेल्या असतात.

मराठी म्हणींच्या बाबतीत पुणेकर फसतात ते फाजील आत्मविश्वासाने. ‘स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी’ ही म्हण नाही, कवी यशवंतांच्या कवितेतली ओळ आहे. ‘जिच्या हाती पाळण्याची दोरी’ हे एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी कवितेच्या ओळीशी इतकं जुळतं की ते देशी म्हण म्हणून मोजण्याआधी थांबावं. असं वाक्य टाकून द्यायचं नाही, वेगळ्या रकान्यात ठेवायचं. हाच नियम पलीकडेही लावा. ‘स्वर्ग आयांच्या पायाखाली असतो’ ही तुर्कीत सर्रास म्हण म्हणून चालते, पण तिचं मूळ इस्लामी परंपरेतल्या वचनात आहे, आणि ती अरबीपासून उर्दूपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ‘केस लांब, अक्कल आखूड’ तुर्कीत आहे, कझाकमध्ये आहे, आणि जशीच्या तशी रशियनमध्येही आहे. अशी म्हण पुढे करून ‘तुर्किक मानसिकता’ सिद्ध करायला गेलात तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात अडवेल.

टंकलेखन कंटाळवाणं, पण इथेच घोळ होतो

तुर्कीत रोमन लिपी 1928 पासून आहे. तिच्यात टिंब असलेला ‘आय’ आणि टिंब नसलेला ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘कीझ’ म्हणजे मुलगी, आणि त्यातला ‘आय’ बिनटिंबाचा. एक्सेलमध्ये टिंबवाल्या ‘आय’ने शोधलं तर मुलीच्या म्हणी सापडतच नाहीत, आणि माणूस बिनधास्त लिहितो की मुलीबद्दल म्हणी कमी आहेत. फोनवर आणि संगणकावर तुर्की कळफलक आधी बसवून घ्या, मग पहिली म्हण टाका. कझाक सिरिलिकमध्ये 42 अक्षरं आहेत, त्यातली नऊ रशियनमध्ये नाहीत. घाईत टंकलेल्या याद्यांत या नऊंच्या जागी जवळचं रशियन अक्षर टाकलेलं असतं, म्हणून कोशात शब्द सापडला नाही तर आधी अक्षर तपासा.

देवनागरीत उच्चार लिहिताना एकच पद्धत ठरवून पहिल्या पानावर नोंदवा. इथे बिनटिंबाच्या ‘आय’साठी इ-कार, आणि इंग्रजी झेडच्या उच्चारासाठी झ वापरला आहे.

प्रत्येक म्हणीचं कार्ड

एका म्हणीला एक कार्ड किंवा एक ओळ. त्यात मूळ वाक्य, देवनागरी उच्चार, शब्दशः अर्थ (मराठीत ओबडधोबड वाटला तरी चालेल), कोशातला अर्थ, नातं, बोलणारी व्यक्ती, ऐकणारी व्यक्ती, वाक्य कोणत्या जातीचं आहे (निरीक्षण, सल्ला, नियम, टोमणा), आणि सर्वांत जुनी मिळालेली नोंद. मराठी जोडीदार म्हणीचा रकाना अगदी शेवटी ठेवा आणि शेवटीच भरा. तो आधी भरला की उरलेलं सगळं मराठीच्या साच्यात ओतलं जातं.

पहिल्या दहा कार्डांना प्रत्येकी पाऊण तास लागेल, पुढे पंधरा मिनिटांत होतं. नातं आणि वाक्याची जात हे दोन रकाने दोघांनी एकमेकांचं न बघता भरायचे. पाचातल्या एकाहून जास्त कार्डांवर मतभेद निघाले तर व्याख्या सैल आहेत, त्या पुन्हा लिहा. भांडून एकमत करू नका.

नात्यांचे शब्द: मराठी वाचकाची चैन

इंग्रजीतून वाचणाऱ्याला ‘सिस्टर-इन-लॉ’ या एका शब्दावर थांबावं लागतं. तुर्कीत नवऱ्याची बहीण ‘गोरुम्जे’, बायकोची बहीण ‘बाल्दिझ’, दिराची बायको ‘एल्ती’. आपल्याकडे नणंद, मेहुणी, जाऊ. आईची बहीण ‘तेय्झे’ म्हणजे मावशी, बापाची बहीण ‘हाला’ म्हणजे आत्या. ‘तेय्झे आना यारीसीदिर’, मावशी म्हणजे अर्धी आई. इकडे आपण ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणतो. इंग्रजी यादीत तीच म्हण ‘आँट’ची होते आणि आत्याबाई फुकट भाव खाऊन जातात. म्हणून भाषांतर नेहमी मूळ नातेशब्दावरून थेट मराठीत करा, मध्ये इंग्रजीचा थांबा नको. दोन शब्द मात्र सांभाळा. ‘येंगे’ ही भावाची बायको असते, तशीच काकाची आणि मामाचीही. ‘गेलिन’ म्हणजे नवरी आणि सूनही. हा शब्द ‘येणे’ या क्रियापदावरून आलेला आहे, त्यामुळे म्हणीत तिचं वय किती धरायचं ते संदर्भावरून ठरवा.

तुर्किक भाषांत व्याकरणात लिंग नाही. तो, ती, ते या तिन्हींसाठी तुर्कीत एकच ‘ओ’. मराठीत आणताना क्रियापदाला लिंग द्यावंच लागतं आणि तिथे आपण नकळत पुरुष किंवा बाई घुसडतो. मूळात लिंग उघड नसेल तर कार्डावर ‘लिंग मोघम’ अशी खूण करा. पण ‘व्याकरणात लिंग नाही म्हणजे समाजात समता’ असलं काही लिहू नका. कझाकमध्ये पुरुषाच्या लग्नाला जे क्रियापद आहे ते ‘घर’ या शब्दावरून झालेलं: तो घर करतो. बाईच्या लग्नाला म्हणतात ‘नवऱ्याकडे निघणं’, किंवा जरा सभ्यपणे ‘संसाराला निघणं’. उझबेकमध्येही हीच फोड आहे. व्याकरण जे करत नाही ते क्रियापद करतं, म्हणून म्हणीतलं लग्नाचं क्रियापद न चुकता नोंदवा.

लेक

‘कीझ कोनाक’, मुलगी पाहुणी, असं कझाक म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडी लगेच ‘परक्याचं धन’ येतं आणि जोडी जमली असं वाटतं. जमलेली नाही. धन सांभाळून मालकाला परत करायचं असतं; पाहुण्याला मानाच्या जागी बसवायचं असतं. कझाक घरात लेकीला ‘तोर’वर, म्हणजे दारासमोरच्या मानाच्या जागेवर, बसवण्याची रीत या म्हणीच्या आधाराने समजावली जाते. ‘परक्याचं धन’ला जवळची कझाक म्हण दुसरी आहे: मुलगी परमुलखाची. दोन्ही म्हणी एकाच घरात, एकाच मुलीबद्दल बोलल्या जातात. एक उचलून दुसरी झाकली की निष्कर्ष हवा तसा वळवता येतो. त्यात तिसरी घाला: मुलीला चाळीस घरांकडून बंदी. म्हणजे पाहुणी खरी, पण तिच्यावर नजर ठेवायचा हक्क अख्ख्या वस्तीला.

तुर्कीतली ‘कीझीनी दोव्मेयेन दिझीनी दोवेर’ कुप्रसिद्ध आहे: जो मुलीला मारत नाही तो पुढे आपला गुडघा बडवतो. गुडघा का? तुर्कीत पश्चात्तापाने गुडघा बडवणं हा वाक्प्रचार आहे, आणि ‘कीझीनी-दिझीनी’ हे यमक जुळतं. तसंच ‘आनासीना बाक, कीझीनी आल, केनारीना बाक, बेझीनी आल’: आई बघून मुलगी घे, काठ बघून कापड घे. ‘बाई म्हणजे कापडासारखी विकाऊ वस्तू’ असा सिद्धांत यावर रचण्याआधी ‘कीझीनी-बेझीनी’ मोठ्याने म्हणून पाहा. कापड यमकानं आलं असण्याची शक्यता मोठी. मात्र ‘आल’ हे क्रियापद मुलगी करून घेण्यालाही आहे आणि विकत घेण्यालाही, तेवढं नोंदवायलाच हवं. नियम असा: यमकात अडकलेल्या शब्दावर कमी भार टाका, यमकाबाहेरच्या शब्दावर जास्त. आणि मारण्याची म्हण यमकामुळे सौम्य होत नाही, कारण ‘मारणं’ यमकात नाही, ते वाक्याच्या पोटात आहे.

पैसा कुठून कुठे जातो

हे न तपासता लिहिलेले लेख वाचताना डोक्याला हात लावावा लागतो. ‘मुलगी पाळण्यात, चेयिझ पेटीत’ या तुर्की म्हणीतल्या ‘चेयिझ’ला हुंडा म्हटलं की खेळ खलास. चेयिझ म्हणजे मुलीसाठी वर्षानुवर्षं जमवलेली विणकाम-भरतकामाची चादरी-वस्त्रं, घरसामान. आपल्या रुखवताच्या जवळचं. पैसा उलट दिशेनेही जायचा: अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, मुलाकडचे मुलीच्या बापाला ‘बाश्लिक’ देत, कझाकांत ‘कालिङ माल’, म्हणजे बहुतांशी जनावरं. मुलगी गेली की घरात कळप येतो अशा समाजातली म्हण आणि मुलगी गेली की घर कर्जात जातं अशा समाजातली म्हण, दोन्ही ‘मुलगी परकी’ म्हणत असल्या तरी त्यांचं दुखणं वेगळं आहे. कालिङ मालवर सोव्हिएत काळात, 1920च्या दशकात, बंदी आली. आपल्याकडचा हुंडाबंदी कायदा 1961चा. म्हणी दोन्ही कायद्यांना पुरून उरल्या, त्यामुळे ‘म्हण आहे म्हणून प्रथा आहे’ हे आजच्या काळाबद्दल म्हणता येत नाही.

काही म्हणी म्हणी नसतात, कायदे असतात. कझाकमध्ये म्हणतात: बाई नवऱ्यापासून सुटली तरी कुळापासून सुटत नाही. इथे ‘एर’ म्हणजे नवरा, ‘एल’ म्हणजे आपली माणसं, कुळ. ऐकायला सासरच्या मायेचं वाक्य वाटतं. प्रत्यक्षात विधवेनं दिराशी किंवा नवऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाशी लग्न करावं या रिवाजाचं ते कलम आहे. अशा म्हणीच्या कार्डावर वाक्याची जात ‘नियम’ लिहायची, आणि नियम कुणाच्या फायद्याचा ते खाली एका ओळीत.

सून, सासू, जावा

खरा मजकूर इथे आहे. वेळेतला निम्मा वेळ इथेच द्या.

‘कीझीम साना सोयलुयोरुम, गेलिनिम सेन आन्ला’: माझ्या मुली, तुला सांगतेय, माझ्या सुने, तू समजून घे. कझाक, उझबेक, अझरबैजानी, सगळीकडे ही थोड्या फरकानं आहे. आणि आपली ‘लेकी बोले सुने लागे’. इतकी चपखल जोडी हाती लागली की माणूस हुरळतो आणि पुढचं बघायचं विसरतो. नीट बघा. तुर्किक रूपात दोन्ही नात्यांना ‘माझी’चा प्रत्यय आहे आणि दोघींना थेट हाक आहे, वाक्य सासूच्याच तोंडचं आहे. मराठीत बोलणारी गायब झाली. उरलं ते तिसऱ्या माणसानं टिपलेलं दृश्य, आणि शेवटचा शब्द ‘लागे’, म्हणजे जखम ज्या बाजूला झाली त्या बाजूचा. मराठी म्हण सून स्वतः वापरू शकते. तुर्की वाक्याची रचना तशी नाही. बोलणारी आणि ऐकणारी हे दोन रकाने कार्डावर का हवेत, ते या एका जोडीवरून कळतं.

जावांच्या म्हणी तर अशा जुळून आल्या आहेत की या विषयाची सुरुवात इथून करावी. मराठी: ‘जावा जावा उभा दावा’. तुर्की: ‘कुमा गेमिसी युरुमुश, एल्ती गेमिसी युरुमेमिश’, सवतींचं जहाज चाललं म्हणे, जावांचं काही चाललं नाही. (तो ‘म्हणे’ आपण घातलेला नाही, ऐकीव गोष्टीसाठी तुर्की क्रियापदाला वेगळा प्रत्यय लागतो, तो इथे आहे.) कझाक: ‘आबिसिन तातू बोल्सा, आस कोप, आघायिन तातू बोल्सा, आत कोप’, जावांचं गूळपीठ असेल तर अन्न भरपूर, भावांचं असेल तर घोडे भरपूर. सरळ निष्कर्ष असा निघतो की कझाक जावा प्रेमळ आणि बाकीच्या भांडकुदळ. चूक. कझाक वाक्य ‘असेल तर’चं आहे, सल्ला आहे, आणि जे आपोआप होतं त्याचा सल्ला कुणी देत नाही. तुर्की आणि मराठी वाक्यं निरीक्षणं आहेत. वाक्याची जात वेगळी, म्हणून त्यांची थेट तुलना होत नाही. तुलना होते ती दुसऱ्या गोष्टीची: कझाक म्हण जावांच्या सलोख्याला भावांच्या सलोख्याच्या शेजारी, त्याच मापात बसवते. बायकांचं ऐक्य म्हणजे अन्न, पुरुषांचं म्हणजे घोडे. कामाची वाटणी त्या चार शब्दांत उघडी पडते.

सुनेच्या पायाबद्दल: ‘केलिननिङ आयाघिनान, कोयशिनिङ तायाघिनान’, भरभराट सुनेच्या पायावरून, मेंढपाळाच्या काठीवरून. आपल्याकडे म्हण नाही, पण ‘पायगुण’ हा शब्दच पुरेसा आहे. दोन्हींचे शब्द गोड आणि वापर दुधारी. कळप वाढला तर पाय चांगला, रोगानं मेला तर त्याच पायावर खापर. म्हणून कोशातला अर्थ आणि प्रत्यक्ष वापर हे कार्डावर वेगळे हवेत.

सासूवर तुर्कीत एक फर्मास म्हण आहे: सासू कापसाचा धागा होऊन फळीवरून पडली तरी सुनेचं डोकं फोडते. शेजारी कझाकची ठेवा: सून सासूच्या मातीतून घडते. आणि आपली ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’. पहिली भांडण सांगते, दुसरी वारसा, तिसरी सत्तेची पाळी. मिळून तिन्ही सांगतात की आजची सोसणारी उद्याची गाजवणारी असते. ‘सून’ आणि ‘सासू’ ही दोन वेगळी माणसं न धरता एकाच बाईचे दोन टप्पे धरा, मग म्हणींतले परस्परविरोध बरेचसे मिटतात.

न उच्चारलेली नावं

म्हणींसोबत एक गोष्ट नक्की तपासा. कझाक सुनेनं सासरच्या थोरांची नावं घ्यायची नाहीत अशी रीत होती. तिला ‘आत तेर्गेऊ’ म्हणतात. त्यावरची कथा प्रसिद्ध आहे. सासरच्या पुरुषांची नावं नदी, बोरू, लांडगा, मेंढी, सुरी आणि धारेचा दगड या शब्दांवरून पडलेली. नदीपलीकडे बोरूच्या बेटाजवळ लांडगा मेंढीला फाडत असतो, आणि सुनेला ओरडून सांगायचं असतं. ती सांगते: खळाळतीच्या पलीकडे, सळसळत्याच्या अलीकडे, केकाटणारा बेंबटणारीला खातोय! कापायचं आणि घासायचं घेऊन पळत या!

इकडे ‘अहो’, ‘इकडची स्वारी’ आणि उखाणा. कझाक सून नाव चुकवून हुशारी दाखवते, मराठी बाई नाव घेऊन. बंदी तीच, सुटकेची वाट उलटी. कझाक लग्नातला ‘बेताशार’, म्हणजे गाण्याच्या साथीनं नवरीच्या चेहऱ्यावरचं वस्त्र दूर करून तिला सासरच्या एकेकाला नमन करायला लावणं, आपल्या सूनमुखाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. फक्त तो विधी आहे, म्हण नाही. त्याला वेगळी फाइल.

आई आणि घरधनीण

आईबद्दल गोड म्हणी ढिगानं मिळतात आणि बहुतेक एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे इथे फार रेंगाळू नका. ‘रडली तर आईच रडेल, बाकीचे खोटं रडतील’ ही तुर्की म्हण पुरे. कझाकची एक वेगळी आहे: वीर आईपोटी, घोडा घोडीपोटी. शिकवण्याबद्दलची जास्त कामाची: ज्यानं बाप पाहिला तो बाण तासतो, जिनं आई पाहिली ती अंगरखा बेतते. कझाक-किरगिझ दोन्हीकडे आहे, आणि देदे कोर्कूतच्या ग्रंथात, म्हणजे ओघुझ तुर्कांच्या जुन्या वीरकथांच्या संग्रहात, तिची बहीण सापडते: आईकडे पाहिल्याशिवाय मुलगी शिकत नाही, बापाकडे पाहिल्याशिवाय मुलगा पाहुण्यांना जेवू घालत नाही.

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला बायकांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातली उत्तम ती ‘घराचा टेकू’: माळावरून पाहुणा आला आणि नवरा घरी नसला, तरी त्याला खाऊपिऊ घालून, मान देऊन वाटेला लावणारी. इथे थांबा. नवरा घरी नसताना परक्या पुरुषाचं आतिथ्य ती स्वतः करते, आणि ते तिचं मोठेपण ठरतं. तुर्कीतली ‘घरटं मादी पक्षी बांधते’ ही आजही रोज ऐकू येणारी म्हण याच टेकूचा शहरी अवतार मानता येईल, पण तिचा वापर आता बहुधा संसार टिकवायची जबाबदारी बायकोवर टाकायला होतो. 2002 साली लागू झालेल्या तुर्की नागरी कायद्यानं नवऱ्याचं कुटुंबप्रमुखपद काढून टाकलं. मादी पक्ष्याचं काम मात्र कुणी कमी केलं नाही. फार जुना पुरावा हवा असेल तर 732 सालचा, क्युल तिगिन या तुर्क राजपुत्राच्या स्मरणार्थ मंगोलियात कोरलेला ओर्खोन शिलालेख आहे. त्यात ‘उमाय देवीसारखी माझी आई खातून (राणी)’ असे शब्द आहेत. तो राजघराण्यातला आहे, म्हणून सामान्य घराबद्दल त्यावरून काही काढू नका.

बायका स्वतः काय म्हणतात

म्हण बाईबद्दल बोलते. बाई कुठे बोलते तेही पाहायला हवं, नाहीतर अभ्यास एका कानानं ऐकल्यासारखा होतो. तुर्कीत सात-सात अक्षरांच्या चार ओळींची ‘मानी’ असते, आणि सून-सासूच्या मानींचा तर वेगळा प्रकारच आहे. त्यात दोघी एकमेकींना यथेच्छ झोडतात. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि त्यातल्या पुष्कळ आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आवाजासह ऐकता येतात. प्रत्येक नात्याच्या म्हणींसमोर पाच मानी आणि पाच ओव्या ठेवा. लेकीला ‘धन’ म्हणणाऱ्या म्हणीसमोर लेकीची ओवी ठेवली की टिपणाचा सूरच बदलतो.

घरोघरी विचारताना

मराठी म्हणींचा वापर विचारायला कोथरूडची सोसायटी चालेल, मुळशी-मावळातलं गाव चालेल, पण दोन्हीकडे ‘या म्हणीचा अर्थ काय?’ असं विचारू नका. शाळेतलं उत्तर मिळतं. ‘ही शेवटची कुणी कुणाला म्हटलेली आठवते?’ असं विचारा. सासू आणि सून यांना एका खोलीत बसवू नका. बसवलं तर दोघी मिळून तुम्हाला चहा पाजतील आणि सांगतील की आमच्यात असलं काही नाही. बैठक पाऊण तासाची, म्हणी दहाच्या वर नाहीत. रेकॉर्डिंगला आधी परवानगी, आणि नोंदीत नावाऐवजी वय, माहेरचा तालुका, सासरचा तालुका. माहेर-सासर दोन्ही लिहिणं सक्तीचं, कारण म्हण बहुधा माहेराहून आलेली असते. पुण्यात शिकायला आलेलं मध्य आशियातलं किंवा तुर्कस्तानातलं कुणी भेटलं, तर त्यांना त्यांच्या घरची भाषा कोणती ते आधी विचारा. कझाकस्तानातून आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी रशियनच बोलत असतील, हे सहज शक्य आहे.

मारहाणीच्या किंवा घाणेरड्या म्हणी गाळू नका आणि सजवूही नका. मूळ वाक्य परिशिष्टात पूर्ण द्या, लेखात त्याचा आशय सांगा, आणि सादरीकरणाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावू नका. सभागृहात हशा पिकतो आणि मुद्दा वाहून जातो. सादरीकरण गटापुढे असेल तर बारा-पंधरा श्रोत्यांना चार-चारच्या टोळ्यांत बसवा, प्रत्येक टोळीला नातेशब्द झाकलेल्या सहा म्हणींच्या चिठ्ठ्या द्या, आणि झाकलेलं नातं ओळखायला सांगा. त्यासाठी वीस मिनिटं पुरतात. जावांची कझाक म्हण बहुतेक टोळ्या ‘नणंद-भावजय’ म्हणून ओळखतात. ती चूक का होते यावर उरलेला तास आरामात जातो. श्रोत्यांनी जाता जाता सांगितलेली मराठी रूपं त्याच दिवशी कार्डावर चढवा, तालुक्यासकट.